पाळण्यातली नावं

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या डोंगरावर ‘आई राजा उदे उदे’चा गजर सुरू झाला, की सोलापूर-धुळे रस्त्यावरून येणारी प्रत्येक वाट माणसांनी भरून जाते. कळंब तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचं हे गाव. दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते आणि वाटेत चुन्याचं रान लागतं. काळ्या मातीतले पांढरे चुनखडीचे खडे माणसं वाकून वाकून वेचतात, बाया ते पदरात घेतात आणि नेऊन एका जागी वाहतात. त्या गर्दीत कितीतरी कडेवरची पोरं नवसाची असतात. ‘हे कुणाचं?’ असं विचारलं तर बापाच्या आधी देवीचं नाव निघतं: ‘येडाईनं दिलंय.’

या ‘येडाई’ नावापाशी थोडं थांबावंसं वाटतं. मुलांच्या नावांचा अर्थ शोधायची जी घाई आज घरोघर दिसते, तिला या एका नावात पुरेसं उत्तर आहे.

गोष्ट अशी सांगतात. सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणारा राम या बाजूला आला. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर उभी राहिली. रामानं ओळखलं आणि म्हणाला, तू का आई? आणि असं सोंग घेतलंस म्हणजे तू येडीच. पहिल्या बोलावरून ती तुकाई झाली, दुसऱ्यावरून येडाई. ज्या शब्दानं आपण पोराला रागावतो, तो शब्द इथं देवीनं नाव म्हणून घेतला आणि त्याला पुढं ‘ईश्वरी’ जोडून तो देवळाच्या पाटीवर, पावतीवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर मिरवला. त्याच देवीवरून पूर्वी मुलाला येडू म्हणत. शहरात हे नाव ऐकून लोक हसतील. येरमाळ्याच्या पंचक्रोशीत त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण तिथं ते नाव ‘वेडा’ या शब्दावरून आलेलंच नव्हतं. ते डोंगरावरून आलं होतं.

भाषेच्या बाजूनं पाहिलं तर या नावात मराठवाड्याचा कंठ जसाच्या तसा जपलेला आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘वे’ इथल्या बोलीत ‘ये’ होतो आणि ‘वि’चा ‘इ’ होतो. वेळ म्हणजे येळ, वेस म्हणजे येस, वेल म्हणजे येल, विंचू म्हणजे इंचू. विठोबा इठोबा होतो, विश्वनाथ इश्वनाथ होतो. शाळेत नाव घालताना गुरुजी इश्वनाथाचा विश्वनाथ करतात आणि घरी तो जन्मभर इश्वनाथच राहतो. पण येडेश्वरीची वेडेश्वरी करायचं धाडस कुणी केलं नाही. प्रमाण मराठीला इथं बोलीपुढं हात जोडावे लागले.

याच सवयीनं एक उलटी गंमतही करून ठेवली आहे. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूरकडे सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करतात, पांडव मांडून पूजा करतात, भज्जी, उंडे आणि आंबील खातात. या सणाला लोक येळवस म्हणतात. शिकलेल्या माणसानं विचार केला की ‘येळ’ म्हणजे ‘वेळ’, आणि कागदावर ‘वेळ अमावस्या’ असं लिहायला सुरुवात केली. पण सीमेपलीकडे कर्नाटकात त्याच दिवशी, तसाच शेतात साजरा होणारा सण आहे एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. कन्नड ‘एळ्ळ’ला मराठी ‘वेळ’ समजून शुद्ध करायला गेलो आणि तीळ हरवून बसलो. नावं शुद्ध करताना असं नेहमी होतं, म्हणून हे सांगितलं.

‘तू का आई’ ही फोड भाषाशास्त्राला मान्य होणारी नाही, हे उघड आहे. त्याच तुकाईचं तुळजा हे नाव त्वरिता या संस्कृत शब्दावरून आलं, भक्ताच्या हाकेला त्वरित धावून आली म्हणून, असं तुळजापूरची परंपरा सांगते. आधी नाव असतं, मग त्या नावाला गोष्ट चिकटते. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि विद्वान हा शब्द जरा खालच्या सुरात उच्चारतात. मला तो सूर पटत नाही. लोकव्युत्पत्ती शब्दाचं मूळ चुकीचं सांगते, हे खरं. पण तो शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांना तो का लागतो, हे ती अगदी बिनचूक सांगते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बायबलच्या जुन्या करारात हन्ना नावाची बाई आहे. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी. ती देवळात जाऊन नवस बोलते, मुलगा दिलास तर तुझ्याच सेवेला वाहीन. मुलगा होतो. त्याचं नाव ती शमुवेल ठेवते आणि कारण सांगते की याला मी देवाकडं मागून घेतलं. हिब्रू जाणणारे म्हणतात की ‘मागितलेला’ हा अर्थ शमुवेलपेक्षा शौल या नावाला नीट बसतो. शमुवेलचा अर्थ ‘देवाचं नाव’ याच्या जवळ जातो. व्याकरण हन्नाच्या बाजूनं नाही. पण नवसाची माय काय म्हणेल ते हन्ना म्हणाली, आणि अडीच हजार वर्षांहून अधिक काळ जगानं तिचंच ऐकलं. येरमाळ्याच्या डोंगरावर लेकरू घेऊन आलेल्या बाईला ही गोष्ट सांगितली तर हन्ना परकी वाटणार नाही.

हा शमुवेल कोकणात आला तेव्हा मराठी झाला. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनवार तेली. त्यांनी हिब्रू नावांना ‘जी’ लावून ती गावच्या नावांत बसवली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. मराठी तोंडात त्यांचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. दिवेआगरच्या आसपासच्या माणसाला हे नाव ऐकून त्यात परदेश दिसलाच नसता.

आपल्याकडे नाव ठेवायचा दिवस म्हणजे बारसं. शब्दातच दिवसांची मोजणी आहे: बारावा दिवस. पण त्याआधी एक दुसरी बाई घरात येऊन गेलेली असते. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. सटवाई म्हणजे षष्ठी. संस्कृत षष्ठीची मराठीत सटी झाली, आणि तिला ‘आई’ लागली. सटवा, सटवाजी, सटवाबाई ही मराठवाड्यातली जुनी नावं हिची. आता गंमत पाहा, ‘सटवी’ ही मराठीत शिवी झाली. बाळाचं दैव लिहिणारी देवी आणि भांडणात फेकायचा शब्द एकच. येडाईचं तेच, सटवाईचंही तेच. जिला बायका सर्वांत जवळची मानत, रात्री-अपरात्री जिच्याशी एकेरीत बोलत, तिच्या नावाला शिवीचा वास लागायला वेळ लागला नसेल. म्हणून ही नावं हीन ठरत नाहीत. कपाळावर काय लिहिलं ते वाचता येत नाही, पण जी लिहून गेली तिचं नाव पोराला दिलं की तिची नजर पोरावर राहते, इतका साधा तो हिशेब.

बारशाला पाळण्याच्या वरून-खालून बाळ फिरवताना बाया देवांची नावं घेत त्याला एकमेकींच्या हातात देतात. मग आत्या वाकते, कानाशी ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. घुगऱ्या वाटल्या जातात. आधी नाव सुचतं आत्याला, भटजीच्या पत्रिकेतलं नावरस नाव वेगळंच असतं. हस्त नक्षत्राच्या चरणांना पू, ष, ण, ठ अशी अक्षरं आहेत. ‘ण’वरून काय नाव ठेवणार? म्हणून नावरस नाव वहीत राहिलं आणि हाक मारायला आत्याचं नाव उरलं.

जिथं आधीची मुलं जगली नाहीत, तिथं आत्यानं कधी देवाचंही नाव घेतलं नाही. दगडू, धोंडू, केरबा, कचरू अशी नावं घेतली. मृत्यूनं या घराकडे पाहिलं तर त्याला इथं नेण्यासारखं काही दिसू नये, ही आशा. आपण अशा नावांना अडाणी म्हणतो तेव्हा त्यामागची रिकामी झालेली ओटी विसरतो. माझ्या लेखी ‘दगडू’ हे मराठीतलं सर्वांत मायेचं नाव आहे.

याच कुळातली दोन नावं शेजारी ठेवली की भाषांचा सगळा प्रवास दिसतो. एक भिकाजी, दुसरं फकिरा. मूल देवाकडं भीक मागून मिळालं, किंवा दुसऱ्याच्या ओटीत टाकून परत भीक म्हणून मागून घेतलं, तर भिकू, भिकाजी, भिकाबाई. संस्कृत भिक्षा. मूल पिराला बोललेलं असेल, मोहरमात त्याला फकीर करायचा नवस असेल, तर फकिरा. अरबी ‘फक्र’ म्हणजे दारिद्र्य, गरज. फकीर म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही. एक शब्द भिक्षूच्या झोळीतून आला, दुसरा दर्ग्याच्या दारातून, आणि दोन्ही आया एकच गोष्ट मागत होत्या. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली तेव्हा त्या नावाला शौर्याचा अर्थ मिळाला. आता फकिरा म्हटलं की कुणाला गरिबी आठवत नाही.

पिराजी तसाच. फारसीत ‘पीर’ म्हणजे म्हातारा, थोर, मग गुरू. आपण ‘बाबा’ म्हणतो तेच. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला कोण येतो हे जातीवरून सांगता येत नाही. अहिल्यानगरच्या शाह शरीफ पिराला मालोजीराजांनी नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्यातला ‘शाह’ हा शब्द जुन्या इराणीतून आला. राज्य करणं या अर्थाचा जो धातू तिथं आहे, त्याचाच भाऊ संस्कृतात ‘क्षत्र’मध्ये आहे. शहाजी आणि क्षत्रिय हे दोन शब्द मुळात एकाच घरचे. फार पूर्वी वेगळे झाले आणि एका मराठा मुलाच्या बारशाला पुन्हा भेटले.

मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे साहेबराव, दौलतराव, गुलाबराव, रुस्तुमराव, हैबतराव ही नावं इथं गल्लोगल्ली सापडतात. साहेब म्हणजे अरबीत मुळात सोबती. दौलत म्हणजे फिरणं, पाळी. सत्तेची पाळी कुणाची यावरून राज्य, आणि राज्यावरून संपत्ती. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, गुल आणि आब. रुस्तुम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातला पहिलवान. हैबत म्हणजे धाक, दरारा. आणि ज्ञानोबांच्या पालखीला आळंदी ते पंढरपूर आजचं रूप दिलं ते आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. वारकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या सोहळ्याची घडी बसवणाऱ्या माणसाचं नाव अरबी, आणि ते परकं आहे असं कुणा वारकऱ्याला वाटलं नाही. जिल्ह्याचं नावही निजामाच्या नावावरून उस्मानाबाद होतं, २०२३ मध्ये ते धाराशिव झालं. उस्मान हेच नाव तुर्कस्तानात एका घराण्याच्या मूळपुरुषाचं होतं, आणि युरोपच्या तोंडात त्याचंच ‘ऑटोमन’ झालं.

दक्षिणेकडून आलेली नावं इतकीच खोल रुजली आहेत. उमरगा-लोहाऱ्याकडे बसवराज, बसलिंग, मल्लिनाथ. बसव हे वृषभाचं कन्नड रूप, आणि बसवेश्वरांचं कल्याण इथून दूर नाही. बालाजी आणि व्यंकट ही नावं लातूर, नांदेड, धाराशिवमध्ये इतकी आहेत की एका वर्गात चार-चार बालाजी निघतात. व्यंकटाची संस्कृत फोड ‘पापं जाळणारा’ अशी करतात. मूळ मात्र तमिळ वेंगडम, तिरुपतीच्या डोंगराचं जुनं नाव. पुन्हा डोंगरच.

मन्मथ या नावाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. कोशात पाहिलं तर मन्मथ म्हणजे मनाला घुसळणारा, कामदेव. संस्कृत शिकलेला माणूस एखाद्या गंभीर आजोबांचं नाव मन्मथअप्पा ऐकून चमकतो. पण बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, ‘परमरहस्य’ लिहिणारे वीरशैव संत. कार्तिकात तिथं दिंड्या जातात. लिंगायत घरात बाप मुलाचं नाव मन्मथ ठेवतो तेव्हा त्याच्या मनात कपिलधार असतं, कामदेव नसतो. परळीमुळं वैजनाथ, तेरमुळं गोरोबा, बार्शीमुळं भगवंत. या भागातली नावं लिहून काढली तर देवस्थानांचा नकाशा तयार होईल.

बायकांच्या नावांत हा नकाशा आणखी लांबवर जातो. काशी, गया, प्रयाग, मथुरा, द्वारका, अयोध्या, गोदावरी, चंद्रभागा. लंकाबाईसुद्धा मराठवाड्यात भेटते. जिथं पोचणं बहुतेकींना जन्मात जमलं नाही, त्या गावांची नावं घेऊन त्या चुलीपुढं बसल्या. हाक मारणाऱ्याला तीर्थाचं नाव घेतल्याचं पुण्य, आणि हाकेला ओ देणारी पाण्याची घागर घेऊन आडावर.

एक नाव मात्र असं होतं की त्याच्यासाठी मला मायेचा शब्द सापडत नाही. नकुशी. दगडू नाव ठेवणाऱ्याला मूल हवं असतं. नकुशी नाव ठेवणाऱ्याला ते नको असतं. दोन्ही नावं ओबडधोबड, पण त्यांच्यामध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सातारा जिल्हा परिषदेनं २०११ साली अडीचशेहून अधिक नकुशींची नावं बदलली, मुलींना आपली आवडती नावं निवडू दिली. नाव बदलण्याला माझा एरवी विरोध असतो. इथं तो नाही.

आता पाळण्यावर येणारी नावं वेगळी आहेत आणि ती निवडायची पद्धतही वेगळी आहे. आत्याच्या आधी मोबाईल विचारला जातो: नाव, अर्थ, अक्षर. यात वाईट काही नाही. आईबाप मुलासाठी काही चांगलं शोधताहेत. त्रास होतो तो तिथं मिळणाऱ्या अर्थांचा. आरव म्हणजे ‘शांत’ असं ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. ‘रव’ तर आपल्याला कवितेतूनही माहीत आहे. अनय म्हणजे नीती सोडलेलं वागणं. अनायाला मात्र चांगलं मूळ आहे, पण ते संस्कृतात शोधत बसतात. अरबीत इनाया म्हणजे काळजी, जपणं, आपली ‘इनायत’ तीच. मायरा हे नाव सोळाव्या शतकातल्या फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलं असं मानतात. कियाराच्या मागं इटालियन ‘कियारा’ आहे, लॅटिन ‘क्लारा’वरून आलेली, म्हणजे उजळ, स्वच्छ; असिसीच्या संत क्लेअरचं नाव हेच. अमेरिकेत, इंग्लंडात राहणारी मराठी कुटुंबं नील, माया, इरा असली नावं मुद्दाम निवडतात, दोन्हीकडच्या जिभेवर बसावीत म्हणून. ती निवड मला समजते. सामाजी दिवेकरांच्या पूर्वजांनी उलट्या दिशेनं तेच केलं होतं.

कुणी म्हणेल, आरवचा अर्थ ‘शांत’ झाला तर बिघडलं काय? येडाईची गोष्टही व्युत्पत्तीच्या कसोटीवर उतरत नाहीच की. पण येडाईची गोष्ट कुणीतरी, कुणाला तरी, काही हवं असताना सांगितली. तिला डोंगर आहे, यात्रा आहे, नवस आहे. ‘आरव म्हणजे शांत’ हे कुणाच्याच गरजेतून आलं नाही. एकानं चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. आरव हे सुंदर नाव आहे, आणि त्याच्या खऱ्या अर्थासकट सुंदर आहे. नुकतं जन्मलेलं पोर दुसरं करतं काय?

तोंडातून बदललेलं नाव कसं असतं, याचा माझा आवडता दाखला सीतेच्याच घरातला आहे. वाल्मीकीच्या आश्रमात तिला जुळं झालं. ऋषीनं दर्भानं बाळांची रक्षा केली: दर्भाच्या कुशानं थोरल्याची, तो कुश, त्याच दर्भाच्या खालच्या तुकड्यानं, म्हणजे लवानं, धाकट्याची, तो लव. संस्कृतात गाणाऱ्या चारणांना कुशीलव म्हणतात. रामायण गाणाऱ्या या दोघांची आठवण त्या शब्दातही असावी असं वाटतं. पण महाराष्ट्रात जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचा वनवास आपला म्हणून गायला, तेव्हा त्यांच्या ओव्यांत ‘लव’ला ‘लहू’ म्हटलं गेलं आणि ‘कुश’चा ‘अंकुश’ झाला. दर्भाची काडी गेली आणि हत्तीला आवरणारं लोखंड आलं. कोश उघडून बसलेला माणूस याला अपभ्रंश म्हणेल. मी म्हणतो, टाकलेल्या बाईच्या पोराच्या हातात काहीतरी असावं असं त्या बायकांना वाटलं असेल, तर ते त्यांनी बरोबर केलं.

हा बदल पुस्तकात दुरुस्त झाला, बारशात झाला नाही. मराठवाड्यात जुळे मुलगे झाले की अजूनही लहू आणि अंकुश ठेवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आलेल्या गुरुजींनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना एकाच आडनावाचे लहू आणि अंकुश वाचले, की त्यांना ‘तुम्ही जुळे का रे?’ असं विचारावं लागत नाही. यातला थोरला कोण, एवढंच ते विचारतात.